‘चार दिवसांत दूध वाढलं नाही’ या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमच्या गाईचं दूध तुटलं, त्यात आमच्या दुकानात तुम्हाला नीट उत्तर मिळालं नाही, याबद्दल माफी मागतो. काउंटरवर पुतण्या होता, तो तुटक बोलला हे खरं आहे. त्याला समज दिली आहे.

पण तुम्ही लिहिलंय, "९०० रुपयांची लिव्हरची पावडर चार दिवस घातली, थेंबभर दूध वाढलं नाही, दुकानदार लुटतो." हे ‘चार दिवस’ मला फार लागलं. पुडा एक किलोचा, रोज ५० ग्रॅम, म्हणजे २० दिवसांचा. तसं मी स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून पिशवीला टाचून दिलं होतं.

आणि त्याच दिवशी तुम्ही सरकी पेंड दाखवायला आणली होती, आठवतंय का? पेंड आमच्याकडची नव्हती, तरी मी बघितली. ढेकळं झाली होती. एक फोडलं तर आत हिरवट-पिवळी बुरशी. हाताचा कुबट वास दुपारपर्यंत गेला नाही. मी तेव्हाच म्हणालो, दादा, पहिलं हे पोतं बंद करा. तुम्ही म्हणालात, अर्धं पोतं शिल्लक आहे, ऊन देऊन संपवतो. उन्हाने ओल जाते. बुरशीने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष पेंडीतच राहतं. गाईने ते खाल्लं की दिवसभरात त्याचा अंश दुधात उतरतो, दूध उकळलं तरी जात नाही. म्हणून तर दुधात किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर तो चालत नाही, असा नियम आहे.

पावडरीतलं ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम लिव्हरला आधार देतं, विष बाहेर काढत नाही. विष आतड्यात धरून ठेवणारा टॉक्सिन बाइंडर वेगळा येतो, आणि तो घातला म्हणून बुरशीची पेंड चालते असंही नाही. खाद्य बदललं की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं, पण लिव्हर सावरायला त्याहून जास्त दिवस लागतात. रोज तीच पेंड पुढे पडत असेल तर पावडरीने काय करावं?

तिसऱ्या दिवशी तुम्ही फोन करून विचारलंत, डोस दुप्पट करू का? मी नको म्हणालो, कारण सेलेनियम जास्त झालं तर त्याचीच बाधा होते. मला लुटायचंच असतं तर मी हो म्हटलं असतं, दुसरा पुडा विकला गेला असता.

२२ वर्षं दुकान चालवतोय. शनिवारपासून दोन जुन्या गिऱ्हाइकांनी तुमचं लिहिलेलं वाचून मला विचारलं, त्या रात्री जेवण गेलं नाही.

यापुढे चिठ्ठीबरोबर तोंडीही नीट समजावून सांगू, बाकीही सुधारणा करतोय. उरलेली पावडर आणा, पुडा फोडलेला असला तरी पूर्ण पैसे परत देतो. गाय डॉक्टरांना दाखवा. आणि ते अर्धं पोतं अजून गोठ्यात असेल तर कुठल्याच जनावरापुढे टाकू नका, गाभण कालवडीपुढे तर मुळीच नको.

— दुकानमालक