लेस, नथ आणि थर्माकोल

जुन्या काळची बाई खिडकीशी बसून नुसती बाहेर बघतेय, एवढाच फोटो हवा असतो. त्या ‘नुसती’पायी अख्खा रविवार जातो.

सुरुवात लेसपासून. नऊवारीवर लेसवालं, फुग्याच्या बाह्यांचं पोलकं ही इंग्रजी फॅशन आपल्याकडे शंभरेक वर्षांपूर्वी चांगलीच मुरली होती. आज बाजारात मिळते ती लेस मात्र ट्यूबलाइटसारखी पांढरी. तिला वय आणायला चहा लागतो. एक लिटर पाण्यात चार-पाच चमचे पावडर उकळायची, दूध-साखर नाही (हे सांगावं लागतं), आणि नीट गाळायचं, नाहीतर लेसवर देवी आल्यासारखे ठिपके उठतात. लेस आधी ओली करून दहा मिनिटं बुडवायची. ओली असताना रंग गडद दिसतो, वाळल्यावर उतरतो, म्हणून घाबरून लगेच काढू नये. हे सगळं सुती लेसचं. पॉलिएस्टरची लेस तासभर चहात पोहून जशीच्या तशी बाहेर येते. शंका असेल तर एक धागा जाळून बघा: सुताची राख होते, पॉलिएस्टरची कडक गोळी. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून. सुलट फिरवली की उठावाची फुलं पापड होतात. आणि पिन लेसच्या भोकात नाही, शिवणीत.

खिडकी उत्तरेची असली तर बरं, थेट ऊन सहसा येत नाही. बाई खिडकीपासून दोन हातांवर, मागची भिंत सहा फूट लांब आणि काळोखी. इथे कॅमेरा दगा देतो. सगळीकडे अंधार बघून तो फोटो उजळवतो आणि चहात कमावलेली लेस पुन्हा पांढराफटक डाग होते. म्हणून एक्स्पोजर (फोटो किती उजळ यावा, ते ठरवणारा कॅमेऱ्यातला आकडा) उणे 2/3, कधी उणे 1. चेहऱ्याची काळोखी बाजू उजळायला थर्माकोलचा पत्रा. तो धरणारा इसम म्हणजे मी.

धुकट परिणामासाठी व्हॅसलीन लेन्सवर फासू नये. एखाद्या जुन्या फिल्टरच्या कडांना लावावं, मधे रुपयाएवढी जागा सोडून. धुपाचा धूर मागून उजेड असेल तरच फोटोत दिसतो, एरवी नुसता खोकला. हा धूसरपणा जुनाच. 1815 साली कोलकात्यात जन्मलेल्या छायाचित्रकार जूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा आला. त्यांच्या धूसर फोटोंना तेव्हा नावं ठेवली गेली, आता ते संग्रहालयात आहेत. त्यांच्यासमोर बायका कित्येक मिनिटं निश्चल बसत. आपल्याला 1/125 सेकंद पुरतो, तेवढ्यात कुकरची शिट्टी होते.

फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलात तर डावं-उजवं उलटवणारा आरसा-फोटो सेटिंगमध्ये बंद आहे ना, ते आधी बघा. नाहीतर नथ उजव्या नाकपुडीत, पदर उजव्या खांद्यावर, आणि मग नातेवाईक फक्त तेवढंच बघतात.

राहता राहिला चेहरा. ‘खिन्न हो’ म्हटलं की माणूस हसतो. खरी खिन्नता पाऊण तासाने, भूक लागल्यावर आपोआप उतरते. नेमकं तेव्हाच थर्माकोल खाली ठेवू नये.