नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

"नॉमिनीत ज्याचं नाव, पैसा त्याचाच. बायको-पोरांना कोर्टातही काही मिळत नाही. लग्न झालेल्या मुलीचा तर प्रश्नच नाही. मृत्युपत्रसुद्धा नॉमिनीपुढं चालत नाही." हा मेसेज सध्या परभणी-नांदेडकडच्या ग्रुपांवर फिरतोय. परवा तो गंगाखेडला माझ्या चुलत बहिणीपर्यंत पोचला. तिच्या नवऱ्यानं लग्नाआधी बँकेत मुदत ठेव ठेवताना धाकट्या भावाचं नाव लावलं, पुढं बदललं नाही. नवरा गेला. दीर म्हणतो पैसे माझे, आणि मेसेज वाचून ही दोन लेकरांची आई गप्प बसली.

सगळ्यात घातक पहिलाच मुद्दा. खातेदारामागं बँकेनं पैसे कुणाच्या हाती द्यायचे, एवढंच नॉमिनीच्या नावावरून ठरतं. सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८३ सालीच हे स्पष्ट केलं: नॉमिनी म्हणजे रक्कम घेणारा हात, हक्क वारसांचा. तो खटला विम्याचा होता. बँक ठेवींबद्दल २०१० साली आणि शेअरबद्दल २०२३ साली त्याच न्यायालयानं तेच सांगितलं. दिराला पैसे दिले की बँक मोकळी होते, दीर होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ नुसार मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलं, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस. यांच्यापैकी कुणीही हयात असेल तर भावाला वारसा म्हणून एक रुपयाही येत नाही. सासूबाई आहेत, त्यांचा वाटा त्यांना मिळालाच पाहिजे. पण दिराचा वाटा कुठून काढला?

लग्नानं मुलीचा वारसा जात नाही. आणि मृत्युपत्र वैध असेल तर नॉमिनीनं घेतलेले पैसेही त्याप्रमाणेच वाटावे लागतात.

एवढं मात्र मान्य करावं लागतं: २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या आयुर्विम्यात आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेवर हक्क त्यांचाच. तिथंही भाऊ नाहीच, आणि मुदत ठेव म्हणजे विमा नव्हे!

अशी वेळ आलेल्या बायांनी नुसत्या अर्जावर विसंबू नये. बँक त्यावर थांबत नाही, कोर्टाचा आदेश लागतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडून महिलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पैसे दिराच्या हाती पडण्याआधी तिथं जा.