जेलमधले लाडू : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मॅडम,

स्तनाच्या कॅन्सरची गाठ तिच्या शेजारपाजारासकट प्रयोगशाळेत कशी उभी करतात, या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पंचवीस वर्षं पॅथॉलॉजीत स्लाइड पाहिल्यावर लेखातले पेशींच्या गोळ्यांचे फोटो तुम्हाला रव्याच्या लाडवांसारखे वाटले. खरी गाठ अशी गोल गरगरीत नसते. दुसरं, मी या पद्धतीला 'प्राणीविरहित' म्हटलं ते खोटं आहे. आणि तिसरं, इतकी वर्षं हे चाललंय, पेशंटच्या पदरात काय पडलं?

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे मी सपशेल चुकलोय. ज्या मॅट्रिजेल नावाच्या जेलीसारख्या पदार्थात पेशींचे हे गोळे वाढतात, तो उंदरांमध्ये वाढवलेल्या सार्कोमा या कॅन्सरच्या गाठीतूनच काढतात. म्हणजे माणसाची गाठ वाढवायला उंदराच्या गाठीचा अर्क. वर पेशींच्या खाद्यात घातलेलं सीरम गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातलं. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. लिहिण्याच्या भरात गोंडस शब्द निसटला. लेखातून काढलाय.

शिवाय हे जेल फार लहरी. बर्फावर पाण्यासारखं पातळ, ३७ अंशांना घट्ट. ते भरायच्या पिपेटच्या टिपासुद्धा आधी फ्रीझरमध्ये ठेवाव्या लागतात. लॅबमध्ये असताना एकदा मी प्लेट भरता भरता कुणाशी तरी बोलत थांबलो आणि जेल टिपेतच बसलं. ते एक वेळ परवडलं. पण नवी बॅच आली तेव्हा त्याच पेशींचे गोळे निम्म्या आकाराचे व्हायला लागले आणि तीन आठवडे मी पेशींनाच बोल लावत बसलो. जुन्या बॅचची शेवटची कुपी सापडली, दोन्ही शेजारी शेजारी लावल्या, तेव्हा कुठे उमगलं.

आता लाडू. आहेतच ते लाडू. पण सपाट प्लास्टिकवर स्तनाच्या निरोगी आणि कॅन्सरच्या पेशी वाढवल्या तर त्यांच्यातला फरक ओळखणं मुश्कील होतं, तो याच जेलमध्ये स्वच्छ दिसतो. १९९२ मध्ये बर्कलीच्या मिना बिसेल यांच्या गटाने हे दाखवलं: निरोगी पेशी थोड्या वाढतात, थांबतात आणि दुधाच्या ग्रंथीतल्या कप्प्यासारखी नीटस रचना करतात, कॅन्सरच्या पेशींना थांबणं माहीत नसतं, वेडावाकडा ढीग होतो. १९९७ मध्ये त्याच गटाने कॅन्सरच्या पेशींवर आजूबाजूच्या जाळीला धरून ठेवणाऱ्या बीटा-१ इंटेग्रिन या प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी सोडली. जनुकांतले बिघाड होते तसेच राहिले, पण पेशी शहाण्यासारख्या कप्पे करून बसल्या. शेजाराशी असलेली पकड बदलली की गाठीची चाल बदलते का, हे फॉर्मलिनमध्ये थिजलेल्या स्लाइडला कसं विचारणार?

तरी लाडवात काय नाही ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. चरबी नाही, रक्तवाहिन्या नाहीत, मॅक्रोफेज म्हणजे प्रतिकारशक्तीच्या भक्षक पेशी नाहीत. सुरी फिरवली की कच्चं फळ कापल्यासारखी करकरणारी ती टणक गाठ तर नाहीच. आणि हा टणकपणा किरकोळ बाब नव्हे. निरोगी स्तनाच्या ऊतीचा ताठरपणा साधारण शे-दोनशे पास्कल, गाठीचा काही हजार. प्लास्टिकच्या डिशचा तर अब्जांत जातो. म्हणून आता जेलमध्ये कोलॅजेन हे तंतूंचं प्रथिन आणि ते तंतू विणणाऱ्या, गाठीतल्या फायब्रोब्लास्ट पेशी घालतात. चोवीस तासांनी प्लेट उचलून पाहावी: फायब्रोब्लास्ट कोलॅजेन ओढून घेतात, आणि लागलेलं दही भांड्याची कड सोडतं तशी जेलची चकती कडेपासून सुटून आक्रसलेली असते. गाठ टणक कशी होते, हे मला तरी पुस्तकापेक्षा त्या चकतीने जास्त शिकवलं.

मला मात्र मॉडेलमध्ये काय नाही यापेक्षा न कळत काय शिरलंय याची जास्त धास्ती वाटते. एमसीएफ-७ ही स्तनाच्या कॅन्सरची सगळ्यांत जास्त वापरलेली पेशीमालिका, म्हणजे एकाच पेशंटपासून लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी. १९७० मध्ये डेट्रॉइटला एका ननच्या फुफ्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातून त्या पेशी घेतल्या. त्या इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढतात, पण कित्येक प्रयोगांत इस्ट्रोजेन न घालताही मजेत वाढायच्या. १९८६ मध्ये कोडं सुटलं. मीडियाला, म्हणजे पेशींच्या पातळ खाद्याला, गुलाबी रंग देणारं फिनॉल रेड, जे आपण फक्त आम्लता कळावी म्हणून घालतो, तेच (नंतर कळलं तसं, त्यातल्या अशुद्ध घटकांमुळे) इस्ट्रोजेनसारखं वागत होतं! सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, बाटलीभर. तुमच्या बाजूने बोलायचं तर लाडवांपेक्षा हा पुरावा जास्त भारी आहे.

तिसऱ्या मुद्द्याला तुमच्याच टेबलावरचं उदाहरण देतो. ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन पकडणारा रिसेप्टर असलेली, म्हणून तपकिरी झालेली केंद्रकं तुम्ही रोज मोजली असतील. मानवी इस्ट्रोजेन रिसेप्टरविरुद्धच्या मोनोक्लोनल (एकाच ठिकाणी नेमक्या चिकटणाऱ्या) अँटीबॉडीज शिकागोत तयार झाल्याचं १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यासाठी लागलेला रिसेप्टर याच एमसीएफ-७ पेशींतून काढला होता. म्हणजे त्या ननच्या पेशी तुमच्या रिपोर्टपर्यंत पोचल्या आहेत. अर्थात हे श्रेय साध्या प्लास्टिकच्या डिशचं, माझ्या लाडक्या जेलचं नाही.

जेलच्या खात्यावर पेशंटपर्यंत पोचलेलं आज फार थोडं आहे, हे कबूल. उलट गाठीच्या शेजाराबद्दलचं आपल्याकडचं सगळ्यांत मोठं काम जेलशिवाय झालं. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर चाचणी केली: शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती साधं लिग्नोकेन, जागा बधिर करणारं औषध, टोचायचं. २०२३ मध्ये निकाल छापून आले. पाच वर्षं आजार न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेलं. दवाखान्यातल्या कुठल्याही कपाटात मिळणारं औषध! पण ते नेमकं कुणावर काम करतं, गाठीच्या पेशींवर, नसांवर की आजूबाजूच्या आणखी कुणावर, हे त्या १,६०० जणींना विचारता येत नाही. एकेक शेजारी घालून आणि काढून बघायला मला तरी जेलची प्लेटच सोयीची वाटते.

फोटोंखाली मोजपट्टी टाकलीय आणि 'गाठ'ऐवजी 'गोळा' लिहिलंय. पुढचा लेख चरबीच्या पेशींवर आहे. गाठ जिथे चरबीत घुसते त्या कडेला चरबीच्या पेशी बारीक झालेल्या दिसतात, असं मी वाचलंय. तुमच्या जुन्या स्लाइडवर तसं दिसतं का, एकदा पाहून सांगाल? लेख तोवर थांबवतो.