गादीतला फोम आणि जाळून पाहण्याचा जीवघेणा सल्ला

गादी आणि सोफ्यातल्या फोमविषयी एक लांबलचक संदेश सध्या फोनवरून फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: गादी-सोफ्यात असतो त्या पॉलियुरेथेन फोममध्ये भोपाळच्या दुर्घटनेतला वायू असतो आणि अंगाच्या उबेने तो रात्रभर बाहेर पडतो. फोम पिवळा पडला म्हणजे विष सुटू लागले. फोम जितका जड तितका शुद्ध. सोयाबीनपासून केलेला फोम पूर्णपणे नैसर्गिक असतो. आणि खरा-खोटा ओळखायचा असेल तर तुकडा कापून जाळावा, काळा धूर आला तर माल बनावट समजावा, असे त्यात सांगितले आहे. माझ्या धाकट्या बहिणीने हा संदेश वाचून बाळाच्या गादीचा कोपरा कापला आणि तो स्वयंपाकघरात जाळून पाहू का, असे मला विचारले. फोमची सूत्रे बसवणे हेच माझे काम असल्याने आता गप्प बसणे मला शक्य नाही.

जाळण्याच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दावे चुकीचे आहेत, पण हा माणसाचा जीव घेऊ शकतो. लवचीक फोमची घनता घनमीटरला ३० किलो धरली आणि त्यातल्या घट्ट पॉलिमरची सुमारे १,२०० किलो, तर त्या फोमच्या आकारमानाचा ९७ टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ हवा असतो. शिवाय त्याच्या पेशी, म्हणजे आतल्या बारीक पोकळ्या, एकमेकींत उघडणाऱ्या असतात, म्हणून ज्योत लागल्यावर आतपर्यंत प्राणवायूचा पुरवठा तयारच असतो आणि आग विलक्षण वेगाने पसरते. पॉलियुरेथेनमध्ये नायट्रोजन असल्यामुळे ते अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड तयार होते. काळा धूर तर उत्तम फोममधूनही निघतो, कारण फोमच्या रेणूंतली बेंझिनसारखी वलये जळताना काजळी धरतातच. ज्वालारोधक घातलेला फोम उशिरा पेटतो, पण पेटल्यावर त्याचा धूर कमी होतोच असे नाही. म्हणजे या परीक्षेतून खरे-खोटे काहीच कळत नाही, आणि परीक्षा घेणारा मात्र बंद खोलीत विषारी धुरासमोर उभा राहतो.

हे अतिरंजित वाटत असेल, तर अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात २० फेब्रुवारी २००३ रोजी 'द स्टेशन' या नाइटक्लबला लागलेल्या आगीचा तपास पाहावा. रंगमंचावरच्या शोभेच्या दारूमुळे भिंतीवरच्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला आणि १०० माणसे गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे 'निस्ट'ने, त्या जागेच्या एका भागाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारून ती पेटवली, तेव्हा सुमारे ९० सेकंदांत आतली परिस्थिती माणूस जगू शकणार नाही अशी झाली. ब्राझीलमधल्या सांता मारिया येथे २०१३ मध्ये एका क्लबच्या छताचा फोम असाच पेटला आणि २४२ जणांचा मृत्यू झाला; त्यातले बहुतेक धुराने गेले. बोटाएवढा तुकडा आणि भिंतभर फोम यांत फरक आहे हे मान्य, पण पेटता फोम वितळून ठिबकतो आणि तो थेंब पडद्यावर किंवा गादीवर पडला तर तो फरक फार काळ टिकत नाही. ज्याने हा सल्ला पुढे पाठवला असेल, त्याने तो चुकीचा असल्याचेही त्याच माणसांना कळवावे.

आता भोपाळविषयी. १९८४ मध्ये तिथे सुटलेला वायू मिथाइल आयसोसायनेट होता. तो कीटकनाशक बनवण्यासाठी वापरला जाई आणि सुमारे ३९ अंश सेल्सिअसला उकळतो. लवचीक फोमसाठी प्रामुख्याने टोल्यूइन डायआयसोसायनेट, म्हणजे टीडीआय, वापरतात, ज्याचा उत्कलनबिंदू २५० अंशांच्या आसपास आहे. दोघांचे कूळ एक असले तरी पदार्थ वेगळे आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे टीडीआय फोममध्ये साठून राहत नाही. पॉलिऑल या फोमच्या दुसऱ्या मुख्य घटकाशी त्याची अभिक्रिया होऊन युरेथेनचे बंध तयार होतात, आणि पाण्याशी होऊन युरिया व कार्बन डायऑक्साइड. याच कार्बन डायऑक्साइडने मिश्रण फुगते. सूत्रात टीडीआय किंचित जास्त ठेवलेला असतो हे खरे, पण फोमचा ब्लॉक, म्हणजे मोठा ठोकळा, पक्का होत असताना हवेतली आर्द्रता तो उरलेला भागही संपवते.

अंगाच्या उबेने तो पुन्हा वायुरूप होतो, हा दावा तर फोम कसा तयार होतो याची तोंडओळख असलेल्यालाही करवणार नाही. अभिक्रियेच्या स्वतःच्या उष्णतेने मोठ्या ब्लॉकच्या गाभ्याचे तापमान १४० ते १६० अंशांपर्यंत चढते आणि तासन् तास तसेच राहते, इतके की ते आणखी वाढून ब्लॉक करपू किंवा पेटू नये यासाठी कारखान्यात स्वतंत्र काळजी घ्यावी लागते. युरेथेनचे बंध तुटायला साधारण २०० अंशांपर्यंत जावे लागते. जो फोम जन्मतानाच एवढी उष्णता सोसून आला, तो ३७ अंशांच्या शरीराने कसा उकलेल?

टीडीआय धोकादायक आहेच, पण तो कारखान्यातल्या कामगाराला. त्याच्या वाफेने दमा जडतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की अत्यल्प मात्रेनेही झटका येतो. म्हणूनच युरोपीय संघाने २४ ऑगस्ट २०२३ पासून, ज्या मिश्रणात टीडीआयसारखे मुक्त, म्हणजे अभिक्रिया न झालेले, डायआयसोसायनेट ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आहे ते हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. झोपणाऱ्याला घाबरवणाऱ्या त्या संदेशात या कामगारासाठी एक ओळही नाही, याचा मला मनापासून राग येतो.

फोममधून काहीतरी बाहेर पडते, हे अर्धसत्य मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करायला हवे. पूर्वी अनेक फोममध्ये पेंटाबीडीई नावाचे ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक घालत. ते पॉलिमरला रासायनिकदृष्ट्या जोडलेले नसल्याने धुळीबरोबर बाहेर पडे आणि शरीरात साठे. अमेरिकेत त्याचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले आणि २००९ मध्ये दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला. त्या काळातला, भुगा होऊ लागलेला फोम घरात असेल तर तो बदलावा, हे मीही सांगेन. नव्या फोमचा वासही कल्पनेतला नाही. तो मुख्यतः अभिक्रियेला वेग देणाऱ्या अमाइन उत्प्रेरकांचा आणि इतर उडून जाणाऱ्या पदार्थांचा असतो. यावर उपाय म्हणून पॉलिमरच्या साखळीतच गुंतून जाणारे उत्प्रेरक आता वापरले जातात.

पिवळेपणाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रकाश आणि हवेतले नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यामुळे टीडीआयच्या फोमचा रंग बदलतो. पृष्ठभागाचे हे ऑक्सिडीकरण आहे, विषाची गळती नव्हे.

जड म्हणजे शुद्ध, हेही खोटे. कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी मिसळून कोणालाही फोम जड करता येतो. घनता आणि कडकपणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि एकाच घनतेचा फोम मऊही करता येतो, कडकही. भुकटी न मिसळलेल्या फोममध्ये जास्त घनता बहुधा टिकाऊपणा देते, एवढाच त्या दाव्यातला खरा अंश. टिकाऊपणा तपासायचाच असेल तर कॉम्प्रेशन सेट विचारावा. या चाचणीत नमुना, उदाहरणार्थ, जाडीच्या ७५ टक्के दाबून ७० अंशांवर २२ तास ठेवतात आणि सोडल्यावर तो किती उंची परत मिळवतो ते मोजतात.

राहिला सोयाबीनचा फोम. वनस्पती तेलापासून केलेला पॉलिऑल साधारणपणे एकूण पॉलिऑलच्या काही भागाचीच जागा घेतो, आणि दुसरा घटक, म्हणजे टीडीआयसारखा आयसोसायनेट, बहुतांशी पेट्रोलियममधूनच येतो. जर्मनीतल्या डोर्मागेन येथे २०१६ पासून कार्बन डायऑक्साइड वापरून पॉलिऑल बनवले जाते. त्यातही या वायूचा वाटा फार तर २० टक्के आहे. दोन्ही प्रयत्नांमुळे पेट्रोलियमचा वापर काही प्रमाणात घटतो, पण हाती येणारा पदार्थ पॉलियुरेथेनच असतो आणि ज्योत लागल्यावर तोही तसाच जळतो.