बेकारीतली पोरं आणि त्यांचा रेडिओ

घरच्या ग्रुपवर परत तेच सुरू झालंय. काकांचं म्हणणं, पोरांना नोकऱ्या नाहीत आणि ही माईक घेऊन पॉडकास्ट करत बसतात, रिकामटेकडेपणा नुसता. मला याचा खरंच राग येतो, कारण इथे डब्लिनला माझ्या ऑफिसातली पन्नाशी-साठीची माणसं सगळ्यात प्रेमाने बोलतात ते ऐंशीच्या दशकाबद्दल, जेव्हा आयर्लंडमधली बेकारी १७ टक्क्यांच्या आसपास गेली होती, मित्र एकेक करून लंडनला निघून चालले होते आणि शहरभर विनालायसन्सची पायरेट स्टेशनं वाजत होती.

त्यातलंच एक रेडिओ नोव्हा, १९८१ चं. धंदाच होता तो, जाहिरातींवर चालायचा, पण लोकांना आपला वाटायचा. आरटीईला, म्हणजे इथल्या सरकारी रेडिओ-टीव्ही संस्थेला, तर नोव्हाच्या आधीच्या पायरेट लोकांमुळे १९७९ मध्येच तरुणांसाठी रेडिओ टू काढावं लागलं होतं. मे १९८३ मध्ये नोव्हा आणि सनशाइन या दुसऱ्या पायरेट स्टेशनवर धाडी पडल्या, ट्रान्समीटर जप्त झाले, तर लोक रस्त्यावर उतरले आणि थोड्याच दिवसांत दोन्ही परत हवेत! शेवटी नवीन कायदा आला म्हणून १९८८ च्या ३१ डिसेंबरपर्यंत बहुतेकांनी गाशा गुंडाळला, मग पुढच्या वर्षी लायसन्सवाली स्टेशनं आली आणि त्यांच्यावर बोलणारे बरेचसे या पायरेट स्टेशनांवरच तयार झालेले.

काका म्हणणार, ते तिकडचं झालं. बरं, मग आपलंच घ्या. केसकरांनी, म्हणजे त्या काळच्या आपल्याच मराठी माहिती-प्रसारण मंत्र्यांनी, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली तेव्हा लोक श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावून बसलेच ना? सिलोन पायरेट नव्हतं, मान्य, पण १९५७ ला विविध भारती काढावी लागली ती ऐकणाऱ्यांच्या या हट्टामुळेच. सिलोनवरच्या बिनाका गीतमालेसाठी रेडिओला कान लावून बसणाऱ्यांना रिकामटेकडे म्हणायची काकांची तयारी आहे का? आजही आपल्याकडे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, मग गावातलं कोणी बोलायचं ते कुठे?

आणि एक सांगतो. लंचला कोणीतरी नोव्हाची जिंगल सुरू करतं आणि टेबलावरचे सगळे एकदम गायला लागतात, मी नुसता हसतो. इथे टॅक्स भरतो, लोकल इलेक्शनला मत देतो, पण ती जिंगल माझी नाही. रात्री ॲपवर आकाशवाणी पुणे लावतो, तिथे सकाळच्या बातम्या चालू असतात, त्या ऐकून झोपतो. गावाकडची पोरं आज जे रेकॉर्ड करतायत तेही पुढे त्यांच्याच आठवणीत राहणार, माझ्या नाही, हे कळतं मला. तरी मी त्यांचा प्रत्येक भाग ऐकतो.