बोर्डापुढे ‘बरं चाललंय’ म्हणू नका

“ताई, बुधवारी बाबांचं बोर्ड आहे. कागद काय काय न्यायचे?” असा मेसेज आला की मी यादी पाठवते. आधार कार्ड, फोटो, पोर्टलवरच्या अर्जाची प्रिंट, जुने केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी. पण आत गेल्यावर बोलायचं काय, हे मला आजवर कोणीही विचारलेलं नाही. आणि माझ्या मते टक्के तिथेच जातात.

ज्यांच्या घरात हा विषय आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोर्ड म्हणजे सिव्हिलमध्ये किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात होणारी दिव्यांगत्वाची प्रत्यक्ष तपासणी. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, तारखेला माणूस घेऊन जायचं, डॉक्टर तपासून टक्के ठरवतात आणि त्यावर दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. ४० च्या आत पांढरं, ४० पासून पिवळं, ८० आणि पुढे निळं. सगळा जीव त्या ४० मध्ये अडकलेला. तेवढे पडले तर सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात नाव लागू शकतं, एसटीचं पाऊण भाडं माफ होतं, संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो. त्यातली महिन्याची पेन्शन दीड हजार होती, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना अडीच हजार झाली. अट काय, तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत. म्हणजे महिन्याला जेमतेम चार हजार. एवढ्यात घर चालवून दाखवणाऱ्या साहेबांना मी स्वतः पेढे नेऊन देईन. असो.

मला पोलिओ आहे, उजव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा साचा. लहानपणापासून मला एकच शिकवण मिळाली, पाय दिसू द्यायचा नाही. फोटोत मी कायम खुर्चीवर बसलेली. साडी पायघोळ. लग्नाच्या बोलण्यांत आई “थोडासा प्रॉब्लेम आहे” एवढंच म्हणायची आणि पटकन पोहे पुढे करायची. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक दिव्यांग माणसाला थोड्याफार फरकाने हेच शिक्षण मिळालंय. चारचौघांत कुरकुर करायची नाही, मदत मागायची नाही, कोणी विचारलं तर “बरं चाललंय”. जगण्यासाठी ते उपयोगीच पडतं, नाही म्हणत नाही. पण हीच सवय घेऊन आपण बोर्डाच्या खोलीत जातो.

आमच्या ओळखीतल्या एका काकांना अर्धांगवायू झाला होता. बोर्डाच्या दिवशी काकूंनी त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला, बटणं लावून दिली, भांग पाडून दिला. साहेबांसमोर जायचं तर नीटनेटकं जायला नको का? डॉक्टरांनी विचारलं, “काका, काय त्रास होतो?” काका म्हणाले, “काही नाही साहेब, देवाच्या दयेने आता पुष्कळ फरक आहे.” हात वर करा म्हटल्यावर सगळी ताकद लावून, दातओठ खाऊन त्यांनी तो खांद्यापर्यंत नेला. नेऊ शकले याचा त्यांना आनंद झाला. तो हात संध्याकाळपर्यंत ठणकत होता. बटणं कोणी लावली, पायजम्याची नाडी कोण बांधतं, घास तोंडापर्यंत जाताना वाटेत किती सांडतो, यातलं एक अक्षर त्या खोलीत निघालं नाही. ज्यांना सगळं माहीत होतं त्या काकू दाराबाहेर चपलांपाशी उभ्या होत्या. त्यांना आत कोणी बोलावलं नाही आणि आपण होऊन जायचं त्यांना सुचलं नाही. टक्के अर्थातच कमी पडले.

डॉक्टरला दोष द्यायचा मोह मलाही होतो. पण बाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली असते आणि त्याच्या हातात एका माणसासाठी मोजकी मिनिटं असतात. तो समोर दिसेल आणि कानावर पडेल तेवढंच लिहिणार. म्हणून तयारी आपणच करायची. तयारी म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. “म्हणजे नाटक करायचं?” अजिबात नाही. नाटक तर आपण रोज करतो, धडधाकट असल्याचं. ते त्या एका दिवसापुरतं घरी ठेवून जायचं.

मी लोकांना सांगते, आधी दोन-तीन दिवस वही घेऊन बसा आणि सकाळी उठल्यापासूनचा दिवस लिहून काढा. संडासात खाली बसता येतं का, उठताना काय धरता? आंघोळीला कोण लागतं? भाकरी थापता येते का, आणि येत असेल तर किती झाल्यावर हात थांबतो? एसटीची पायरी कशी चढता? चालता किती, हे मीटरमध्ये कोणालाच सांगता येत नाही. घरापासून दळणाच्या गिरणीपर्यंत जाता का, वाटेत कुठल्या कट्ट्यावर टेकता, तसं लिहा. नुसतं “चालता येतं” लिहू नका. किती वेळ लागतो, कोणाच्या आधाराने, पडायची भीती असते का आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी काय अवस्था होते, हे लिहा. चांगल्या दिवसाचं लिहू नका, नेहमीच्या दिवसाचं लिहा, आणि वाईट दिवस आठवड्यात किती येतात तेही. पडला असाल तर कधी, कुठे. मग त्याचं एक पान करा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. पाच पानं कोणी वाचत नाही.

हे प्रश्न माझ्या डोक्यातून आलेले नाहीत. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते, तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. तिकडे ‘पिप’ नावाचा भत्ता मिळतो आणि त्याच्या तपासणीत स्वयंपाक, आंघोळ, कपडे, बाहेर जाणं असंच सगळं विचारतात. तिथल्या नियमात चक्क लिहिलंय की एखादी गोष्ट सुरक्षितपणे, नीट, पुन्हापुन्हा आणि वाजवी वेळात करता येत असेल तरच ‘करता येते’ असं धरायचं, आणि निम्म्याहून जास्त दिवस काय होतं ते बघायचं. तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही, तीही तपासणीच्या आधी आठवडाभर झोपत नाही. पण प्रश्न तरी बरोबर विचारतात.

आपल्याकडे पद्धत वेगळी. आपले मोजमापाचे नियम २०१८ चे, २०२४ मध्ये सुधारलेले, आणि हाडांच्या बाबतीत त्यांचा भर अवयवावर: सांधा किती अंशांत वळतो, स्नायूत ताकद किती, पाय किती आखूड. तेव्हा तुमच्या वहीतल्या प्रत्येक ओळीचे टक्के होणार नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवते. तरीही वही लागते, कारण काय काय तपासायचं हे तिच्यावरून ठरतं. एका डोळ्याची नजर पूर्ण गेली आणि दुसरा ठणठणीत असेल तर त्याचे ३० टक्के धरतात. म्हणजे ४० च्या खालीच. आता त्याच माणसाच्या पायात अपघातामुळे २० टक्क्यांचा दोष आहे असं समजा. दोन्ही दाखवले तर सरळ बेरीज होऊन ५० होत नाहीत, त्याचं सूत्र आहे: मोठा आकडा पूर्ण घ्यायचा, ९० मधून तो वजा करून उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि मोठ्यात मिळवायचं. ३० आणि २० चे होतात ४३. रेषेच्या पलीकडे! पण तो माणूस “डोळ्याचं काम आहे” म्हणून फक्त डोळ्यांच्या खोलीत जाऊन येतो, अर्जातही पाय लिहीत नाही, आणि ३० चं पांढरं कार्ड घेऊन घरी येतो. अर्ज भरताना सगळं लिहा. सेतूवाल्या मुलाला घाई असते, तो एकावरच टिक करून मोकळा होतो.

मानसिक आजाराचं तर याहून अवघड. तिथे आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि कामधंदा, या प्रत्येकाला शून्य ते चार गुण, शिवाय आजार किती वर्षांचा त्याचे वेगळे. आता स्किझोफ्रेनिया असलेला मुलगा स्वतःच सांगणार, “मला काही झालेलं नाही, मी कामाला जातो.” कित्येकदा तेच आजाराचं लक्षण असतं. इथे घरचं माणूस आत गेलंच पाहिजे आणि त्याने लाज सोडून बोललं पाहिजे. आंघोळ किती दिवसांनी, सांगावी लागते का, नोकऱ्या किती सुटल्या. मुलासमोर हे बोलताना आईच्या पोटात कालवतं. म्हणून तेही कागदावर लिहून द्या.

२०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, त्यात सिकलसेल आला. विदर्भात, नंदुरबारकडे कितीतरी घरांत तो आहे. सिकलसेलची पोरगी बोर्डाच्या दिवशी चारचौघींसारखीच दिसते. तिचं दुखणं महिन्यापूर्वी येऊन गेलेलं असतं आणि त्याचा पुरावा म्हणजे डिस्चार्ज कार्ड आणि रक्त चढवल्याच्या नोंदी, जे आपण दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालतो. घालू नका.

आता संशयाबद्दल. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून देशभर गदारोळ झाला, पुढे राज्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या दाखल्यांची फेरपडताळणी सुरू झाली. व्हायलाच हवी, खोटा दाखला आमच्याच वाट्याचं खातो. पण त्यानंतर बोर्डाच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाकडे चोर म्हणून बघायची सवय लागली तर ती कोणी मोडायची? मला उद्देशून कोणीतरी “कॅलिपर काढून चाला बरं” असं ज्या सुरात म्हटलं, तो सूर मी विसरलेले नाही. याचं उत्तर म्हणून वाढवून सांगू नका. वाकत नाही म्हणून ताठ धरलेला गुडघा कपडे घालताना वाकतो आणि ते डॉक्टरांना दिसतं. ऐकू येत नाही म्हणाल तर बेरा चाचणी तुम्हाला न विचारता मेंदूकडून उत्तर काढून घेते. एकदा पकडलं गेलं की खरं होतं तेही खोटं ठरतं. आणि गेटवरचा “टक्के वाढवून देतो” म्हणणारा एजंट दिसला की सरळ पुढे चला.

गंमत बघा, काही जणांना याच टक्क्यांची उलटी बाजू बघावी लागते. महाराष्ट्रातल्या ओमकार गोंड या विद्यार्थ्याला बोलण्याच्या दोषाचे ४४-४५ टक्के पडले म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, नुसता आकडा बघून नाकारता येणार नाही, हा मुलगा अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे बोर्डाने तपासून सांगायचं. आकड्यापलीकडचा माणूस तपासा असं प्रवेशाच्या बाबतीत न्यायालय म्हणतं. पेन्शनच्या रांगेतल्या काकांनाही तसंच तपासायला काय हरकत आहे?

बाकी त्या दिवसाचं. गुडघ्यावर सहज सरकेल असा सैल पायजमा घाला. काठी, कुबडी, कॅलिपर, श्रवणयंत्र, जे रोज वापरता ते घेऊन जा, “डॉक्टरांसमोर बरं दिसत नाही” म्हणून घरी ठेवू नका. डबा, पाणी, दुपारच्या गोळ्या बरोबर घ्या. जमत नसलेली हालचाल जोर लावून करून दाखवू नका, दुखलं की तिथेच “दुखतंय” म्हणा. सोबतच्या माणसाने दारातच सांगायचं, “सगळं मीच करतो, मला आत येऊ द्या.”

दाखला मिळाला की नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, टक्के आणि तो कायमचा आहे की ठरावीक मुदतीचा, एवढं बघा. मुदतीचा असेल तर तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, पेन्शन बंद झाल्यावर जाग येऊन उपयोग नाही. दाखला नाकारला तर तोंडी “नाही बसत” एवढ्यावर परत येऊ नका, कारणं लेखी मागा, ती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. टक्के पटले नाहीत तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. त्याला तीच वही, तेच एक पान आणि सगळ्या कागदांच्या झेरॉक्स लागतील, म्हणून डॉक्टरांना द्यायच्या आधीच एक संच घरी काढून ठेवा.