सुनेची नळी

बोडगेश्वराच्या जत्रेतून मी आजवर एकदाही रिकाम्या हाताने आलेलो नाही. लहानपणी वडील आम्हां भावंडांना डिचोलीहून म्हापशाला न्यायचे. खाज्यांची एक पुडी आणि एक पिपाणी मिळाली की आमचं वर्ष सार्थकी लागायचं. पिपाणीचा रंग कसला, हे कुणी विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो आमच्या जिभेवर दिसायचाच.

यंदा पिशवी भरून खेळणी आणली, ती नातवासाठी. बाबलो दीड वर्षाचा. झांजा वाजवणारं माकड, डोळे मिचकावणारी मोटार आणि गळाला लोहचुंबक असलेला मासे पकडायचा खेळ. गोंयकाराच्या पोराला मासे पकडता यायलाच हवेत, असा माझा हिशोब. पिशवी ओसरीवर उघडली तोच आतून सून आली. हातात पुठ्ठ्याची नळी.

“बाबा, आधी नळी.”

आमच्या घरात टॉयलेट पेपरचा प्रवेश अजून झालेला नाही. ती नळी मुलाने कळंगुटच्या हॉटेलातून, जिथे तो नोकरीला आहे तिथून, खिशात घालून आणली होती. सून फार्मासिस्ट. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशाचं माप म्हणून खेळणी तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं भांडं वापरतात, हे तिने सांगितलं. म्हणजे आपला सव्वा इंच. त्यात जे मावतं ते बाबलोच्या हातात द्यायचं नाही. पुठ्ठ्याची नळी त्याहून जरा रुंदच, त्यामुळे आमच्या घरचा कायदा सरकारपेक्षा कडक.

माकडाच्या डोळ्याखाली तिने अंगठ्याचं नख घातलं आणि किंचित उचकटलं. डोळा सुटला, नळीतून टक्कन खाली पडला आणि फरशीवरून माझ्याकडे बघत राहिला. मोटारीच्या पोटाचं झाकण बोटानेच उघडलं. स्क्रू नव्हताच. आतून पेपरमिंटच्या गोळ्यांसारखे तीन चपटे सेल घरंगळले. “हा घशात अडकला तर ओल्या जागी वीज वाहायला लागते. दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते,” ती म्हणाली. माशांना तर नळीपर्यंतही जाऊ दिलं नाही. दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याची दोन वेटोळी चिमट्यात धरून बसतात, म्हणे.

“आमच्या धाकट्याने चार आणे गिळले होते,” मी म्हणालो. “तीन दिवस अख्खं घर वाट बघत होतं. आले परत.”

“अहो, जेवणाची वेळ आहे,” ही आतून म्हणाली.

मग सगळ्या घरालाच नळी लागली. सावंतवाडीहून आणलेल्या लाकडी फळांपैकी आंबा तोंडाशी अडकला म्हणून पास झाला. जांभूळ सटकन खाली गेलं, त्याची रवानगी देवघराच्या वरच्या फळीवर. अंगणात सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. सुनेने एकदा सुपाऱ्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी न बोलता खराटा उचलला.

दुसऱ्या दिवशी मला रीतसर खरेदीला पाठवलं. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे, आणि त्याच्यासोबत परवान्याचा नंबर हवा, हे पाठ करून निघालो. दुकानदाराने खोक्यावरची ‘सीई’ ही अक्षरं दाखवली. तो युरोपातला शिक्का, आपला नव्हे, हेही पाठ होतं. “बाब, भियेनाका, सगलें सेफ आसा,” तो म्हणाला. तो सुनेला भेटलेला नव्हता.

शेवटी एक शिक्केवाली गाडी मिळाली. मोबाईलवर बीआयएस केअर, म्हणजे शिक्क्याचा नंबर तपासायचं सरकारी अ‍ॅप, उघडून नंबर घातला, तर एक आकडा चुकला आणि समोर सिमेंटचा कारखाना आला. दुकानातल्या पोराने माझा चष्मा नाकावर नीट बसवला, मग नंबर जुळला. पायाने ढकलायची गाडी. बॅटरी नाही, चुंबक नाही, सुटणारा डोळा नाही. पुढे एक रबरी भोंगा, थेट पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलीवरचा वाटावा असा.

सुनेने गाडी उलटी केली, सुलटी केली, भोंगा ओढून पाहिला. पास. आनंदाने मी बाबलोला कडेवर घेतलं. त्याने माझ्या कानातलं यंत्र उपटलं आणि तोंडाकडे नेलं.

इतक्या झपाट्याने सुनेला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. यंत्र नळीत टाकलं, खाली पडलं. त्याचं झाकण नखाने उघडलं, आतून हरभऱ्याएवढा सेल निघाला, तोही पडला. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चष्म्याचा स्क्रू. सदऱ्याची सुटायला आलेली गुंडी. खालच्या दोन काढायच्या दातांवर तिची नजर थोडी जास्तच रेंगाळली. नळी अजून हातातच होती.

तेव्हापासून बाबलो जागा असला की माझं यंत्र कपाटावर, बिस्किटांच्या जुन्या डब्यात असतं. तो पहाटे सहाला उठतो आणि थेट गाडीवर बसतो. पहिल्या दिवशी शेजारच्या वहिनी पिशवी घेऊन फाटकापर्यंत आल्या होत्या, उंडे, म्हणजे पाव, मागायला. आता घरातले सगळे डोक्याला बाम चोळत हिंडतात. ही मला काहीतरी बरंच सांगत असते, बहुधा गाडीबद्दल. मला फक्त बाबलोची भोंग्यावरची मूठ दिसते, उघडताना आणि मिटताना.